परतीचा गुन्हा

भारतीय दंडसंहितेत एके काळी २२६ क्रमांकाचे एक कलम होते. काळ्या पाण्याची शिक्षा झालेला इसम मुदत संपण्यापूर्वी, आणि शिक्षेत सूट मिळालेली नसताना, परत आला तर त्याला जन्मभर काळ्या पाण्यावर पाठवावे, दंड करावा, आणि जहाजात चढविण्यापूर्वी तीन वर्षांपर्यंत सक्तमजुरीही द्यावी, असा त्याचा आशय होता. १९५५ च्या सव्विसाव्या अधिनियमाने काळ्या पाण्याची शिक्षाच संहितेतून काढली. तिच्या जागी आजन्म कारावास आला, आणि जेथून परतायचे ते ठिकाणच उरले नाही म्हणून हे कलमही गेले. त्यानंतरच्या प्रतींतून आकडा तेवढा राहिला, आणि आकड्यापुढे 'रद्द' एवढाच शब्द. २०२४ च्या जुलैत ती संहिताही इतिहासजमा झाली.

नोकरीच्या अगदी पहिल्या वर्षांत, जेथे मराठी शब्द कानांवर पडण्याचा संभव नव्हता अशा एका जिल्ह्याच्या गावी, कचेरीच्या ग्रंथालयात संहितेची एक जीर्ण प्रत माझ्या हाती आली. त्या कलमाने मी थबकलो. घरी परत येणे हा गुन्हा! बदलीच्या हुकुमाची वाट पाहणाऱ्या तरुण माणसाला ती कल्पना अंगावर काटा आणणारी वाटावी यात नवल नाही. पण थबकण्याचे कारण तेवढेच नव्हते. ही गोष्ट आपण पूर्वी कोठे तरी वाचली आहे, असे सारखे वाटत होते. रात्री आठवले. इंटरच्या वर्गात डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' नेमलेली होती. तिच्यातला सारा डोलारा ज्या एका घटनेवर उभा आहे, ती घटना म्हणजे हाच गुन्हा.

पुढे तारखा ताडून पाहिल्या तेव्हा गंमत वाटली. दंडसंहितेला गव्हर्नर जनरलची संमती मिळाली ती ६ ऑक्टोबर १८६० रोजी. 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा पहिला हप्ता डिकन्सच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला तो १ डिसेंबर १८६० रोजी. मधे आठ आठवड्यांचे अंतर. एका हाताने इंग्रज सरकार कलकत्त्यात परतीच्या गुन्ह्याला शिक्षा लिहीत होते आणि त्याच सुमारास लंडनमध्ये एक इंग्रज कादंबरीकार त्याच गुन्ह्यात सापडलेल्या माणसाची कैफियत लिहावयास बसला होता. एकाला दुसऱ्याची वार्ता असण्याचे कारण नाही. तरीही ही दोन पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचली म्हणजे, पापी माणसाचा उद्धार या विषयावर इतके लिहिले गेलेल्या या कादंबरीचा एक निराळाच चेहरा दिसू लागतो.

कथानक अनेकांना आठवत असेल. ज्यांना पुसट झाले असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. केंट परगण्यातील दलदलीच्या काठी, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, स्मशानात एकटा बसलेल्या पिप नावाच्या पोरक्या मुलाला पायात बेडी असलेला एक पळपुटा कैदी गाठतो. भीतीपोटी पिप त्याला घरातून चोरून खाणे आणि बेडी कापायला कानस आणून देतो. कैदी पकडला जातो. वर्षे लोटतात. लोहाराच्या भट्टीवर उमेदवारी करणाऱ्या पिपला कोणी अज्ञात दाता पैसा पुरवू लागतो. पिप लंडनला जाऊन सभ्य गृहस्थ बनतो, ज्या जो गार्गरी नावाच्या मेव्हण्याने त्याला वाढविले त्याची त्याला लाज वाटू लागते. आपली दाती गावातली श्रीमंत मिस हॅविशॅम असावी, अशी त्याची समजूत. तेविसाव्या वर्षी, एका वादळी रात्री, जिन्यावर पावले वाजतात आणि खरा दाता समोर उभा राहतो: तोच कैदी, एबेल मॅग्विच. न्यू साउथ वेल्समध्ये मेंढपाळी करून त्याने पैसा मिळविला आणि 'आपला' सभ्य गृहस्थ डोळ्यांनी पाहावा म्हणून, परतल्यास फाशी हे ठाऊक असून, तो परत आला आहे.

या 'परतल्यास फाशी'ला इतिहास आहे, आणि तो समजल्याशिवाय मॅग्विचच्या धाडसाचे मोल कळत नाही.

गुन्हेगारांना समुद्रापलीकडे पाठविण्याची पद्धत इंग्लंडने १७१८ च्या कायद्याने पक्की केली. त्या वेळी ते अमेरिकेतील वसाहतींत जात. पाऊणशतकाच्या आत सुमारे ५०,००० माणसे अशी रवाना झाली. मुदतीपूर्वी परतणाऱ्याला देहान्त शिक्षा, ही तरतूद त्याच कायद्यातली. अमेरिकेने बंड पुकारले तेव्हा हा निकास बंद झाला आणि तुरुंग तुंबले. १७७६ मध्ये पार्लमेंटने जुन्या, डोलकाठ्या उतरविलेल्या जहाजांत कैदी ठेवण्यास परवानगी दिली. व्यवस्था तात्पुरती, अवघी दोन वर्षांची होती. सरकारी व्यवस्थेतील 'तात्पुरते' या शब्दाचा अर्थ ज्यांना अनुभवाने कळला आहे त्यांना हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही की ती कैदी-जहाजे सुमारे ८० वर्षे, म्हणजे १८५७ पर्यंत, नद्यांच्या मुखाशी कुजत उभी होती. डिकन्सचे बालपण मेडवे नदीकाठच्या चॅटममध्ये गेले. ती काळी धुडे त्याने लहानपणी पाहिलेली होती. मॅग्विच पळून आला तो अशाच एका जहाजावरून.

अमेरिकेला पर्याय म्हणून ऑस्ट्रेलिया निघाला. जानेवारी १७८८ मध्ये अकरा गलबतांचा पहिला काफिला तेथे पोचला, आणि जानेवारी १८६८ मध्ये 'हूगोमाँट' हे शेवटचे कैदी-जहाज पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला लागले. या ८० वर्षांत सुमारे १,६०,००० माणसे गेली. तेथे नेलेल्या कैद्याला बहुधा कोणा जमीनदाराकडे कामाला नेमून देत. वर्तणूक चांगली असली तर काही वर्षांनी त्याला 'तिकीट ऑफ लीव्ह' मिळे; म्हणजे वसाहतीत स्वतःच्या मर्जीने काम शोधण्याची मुभा. त्यापुढची पायरी माफीची, आणि माफी दोन प्रकारची होती. पूर्ण माफी मिळालेला माणूस वाटेल तेथे जाऊ शके, इंग्लंडलाही. सशर्त माफी मिळालेला माणूस वसाहतीत पूर्ण मोकळा. जमीन घ्यावी, लग्न करावे, श्रीमंत व्हावे. अट एकच, मायभूमीला परत पाऊल लावायचे नाही.

ही सशर्त माफी मला फार बोलकी वाटते. तिच्यात एका संपूर्ण समाजाचे मन उतरले आहे. तू सुधारलास हे आम्हांला मान्य आहे, तुझे श्रम आम्हांला हवे आहेत, तुझ्या मेंढरांची लोकर आमच्या गिरण्यांना हवी आहे. मात्र तुझे तोंड आमच्या दृष्टीस पडता कामा नये.

वसाहतीतदेखील हा पेच होताच, आणि तो जेवणाच्या मेजावर प्रकट झाला. १८१० ते १८२१ या काळात न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर असलेल्या लॅक्लन मॅक्वारीने शिक्षा भोगून मोकळ्या झालेल्या माणसांना प्रतिष्ठेच्या जागा दिल्या. चोरीसाठी हद्दपार झालेल्या अँड्र्यू थॉमसनला त्याने १८१० मध्ये न्यायदंडाधिकारी केले. आरमारी बंडात शिक्षा झालेला विल्यम रेडफर्न हा त्याचा विश्वासातला शल्यवैद्य होता. आणि खोटा दस्तऐवज केल्याबद्दल फाशीची शिक्षा होऊन ती हद्दपारीवर निभावलेला फ्रान्सिस ग्रीनवे याच्याकडून त्याने सिडनीची देखणी सरकारी बांधकामे उभी करून घेतली. अशांना मॅक्वारी आपल्या पंक्तीला जेवायला बोलावी. पलटणीचे अधिकारी आणि प्रतिष्ठित जमीनदार याच गोष्टीवर बिथरले. नेमणुका एक वेळ सहन झाल्या असत्या, पंक्तिव्यवहार सहन होईना. तक्रारी लंडनला गेल्या, चौकशीसाठी जॉन टॉमस बिग नावाचे आयुक्त १८१९ मध्ये आले, आणि त्यांच्या अहवालांनी मॅक्वारीच्या धोरणावर ठपका ठेवला. (काळाने मात्र मॅक्वारीचा पक्ष घेतला. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने दहा डॉलरची नवी नोट काढली तेव्हा तिच्यावर ग्रीनवेचे चित्र होते. खोट्या दस्तऐवजासाठी शिक्षा झालेल्या माणसाचे चित्र चलनी नोटेवर येण्याचा असा दुसरा योग मला ठाऊक नाही.)

मॅग्विचची कहाणी याच जगातली. धनी मेल्यावर त्याने याच्या नावे थोडी रक्कम ठेवली, त्यावर मेंढरे आणि गुरे यांचा व्याप वाढला. पण पैसा झाला तरी घोड्यावरून जाणारे गोरे जमीनदार त्याच्या अंगावर धूळ उडवून जात आणि तो मनाशी म्हणे, तुमच्यापेक्षा चांगला सभ्य गृहस्थ मी लंडनमध्ये पोसतो आहे. हे बोल त्याच्या तोंडी घालताना डिकन्सने एक खाजगी दुःख आणि एक सार्वजनिक व्यवस्था यांची गाठ मारली आहे. मॅग्विचला स्वतःला पंक्तीत बसायचे नाही, ते आपल्याला कोणी करू देणार नाही हे तो ओळखून आहे. म्हणून तो एक पान विकत घेतो आणि त्यावर दुसऱ्याला बसवितो.

आपण 'रिडेम्प्शन'ला चटकन 'उद्धार' म्हणून मोकळे होतो. उद्धारात वर उभा असलेला खाली पडलेल्याला हात देतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ मात्र व्यवहारातला आहे: परत विकत घेणे. सावकाराकडे गहाण पडलेली पाटली पैसे भरून घरी आणतात त्याला आपण 'सोडवणूक' म्हणतो. तोच शब्द येथे जवळचा आहे. ही सारी कादंबरी गहाण आणि सोडवणूक यांनी भरलेली आहे आणि तिच्यात पैशाने सोडवणूक करण्याचा जवळजवळ प्रत्येक प्रयत्न फसतो. फार पूर्वी मॅग्विचने एका सुटलेल्या कैद्याच्या हाती लहान पिपला एकेका पौंडाच्या दोन नोटा पाठविल्या होत्या. त्या वादळी रात्री पिप, आपण उपकृत राहू नये म्हणून, तशाच दोन नव्या नोटा मोठ्या सभ्यपणाने परत करतो. मॅग्विच त्या लांबट घडी घालून दिव्यावर धरतो आणि राख तबकात पडू देतो. कर्ज फेडले म्हणजे संबंध संपला, ही पिपची समजूत जागच्या जागी जळते.

पिपची त्या रात्रीची किळस डिकन्सने लपविलेली नाही. उलट ती वाचकाच्या अंगाला चिकटेल अशी रंगविली आहे. त्या माणसाने हात पुढे केला की हा मागे सरतो. त्याचे खाणे, त्याचा चाकू, त्याचे बोलणे, साऱ्याचा त्याला तिटकारा येतो. लक्षात घेण्याजोगे हे की मॅग्विचने केलेला कोणता गुन्हा त्याला छळीत असतो, तर कोणताच नाही. तेव्हा त्याला त्याचे गुन्हे ठाऊकदेखील नसतात. छळते ती लाज. आपले कपडे, आपले शिष्टाचार, आपली मित्रमंडळी हे सारे एका कैद्याच्या घामातून आले, हे त्याला सोसत नाही.

यामागे डिकन्सची स्वतःची जखम होती, हे आता सर्वश्रुत आहे. १८२४ मध्ये त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात पडले आणि बारा वर्षांच्या चार्ल्सला बूट-पॉलिशच्या कारखान्यात डब्यांना कागद चिकटविण्याच्या कामाला लावण्यात आले. ही गोष्ट त्याने आयुष्यभर झाकून ठेवली. फॉर्स्टर या मित्राने लिहिलेल्या चरित्रामुळे ती त्याच्या मृत्यूनंतर जगाला कळली. ज्याला आपले पूर्वायुष्य उघडे पडण्याची धास्ती ठाऊक होती तोच पिपची ती रात्र लिहू शकला.

पण याच माणसाने काही वर्षे सशर्त माफीचे तत्त्व मनोभावे राबविले होते, हे तितके लक्षात घेतले जात नाही. अँजेला बर्डेट-कूट्स या धनाढ्य बाईंच्या पैशाने १८४७ च्या नोव्हेंबरात लंडनजवळच्या शेपर्ड्स बुश येथे पतित स्त्रियांसाठी 'युरेनिया कॉटेज' नावाचे आश्रयगृह निघाले. त्याची सारी घडी डिकन्सने बसविली: कोणाला घ्यायचे, काय शिकवायचे, कपडे कोणत्या रंगाचे द्यायचे. त्याने उपदेशाचा मारा होऊ दिला नाही, मुलींशी माणुसकीने वागविले. मात्र दोन नियम पक्के होते. पूर्वायुष्याचा उच्चार तेथे करायचा नाही. आणि सुधारल्यानंतर देश सोडून वसाहतींत जायचे. त्याच सुमारास, १८४९–५० मध्ये, त्याने 'डेव्हिड कॉपरफील्ड' लिहिली. तिच्या शेवटी फसलेली एमिली, रस्त्यावरची मार्था आणि कर्जबाजारी मिकॉबर या साऱ्यांना तो एकाच जहाजात बसवून ऑस्ट्रेलियाला रवाना करतो. मिकॉबर तेथे न्यायदंडाधिकारी होतो. वाचक डोळे पुसतो आणि पुस्तक मिटतो. जहाज क्षितिजाआड गेले की प्रश्नही आड जातो.

'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'मध्ये ते जहाज परत येते. मला वाटते, या कादंबरीचे खरे सामर्थ्य येथे आहे. दहा वर्षांपूर्वी आपण ज्यांना दृष्टिआड केले त्यांपैकी एकाला डिकन्स स्वतःच परत बोलावतो, जिना चढवितो, आणि दार उघडणाऱ्या सभ्य गृहस्थाला विचारतो: आता? हा परत आलेला माणूस तिकडे कष्टाने उभा राहिला आहे, कृतज्ञतेपोटी त्याने कमाई दुसऱ्याला वाहिली आहे, कोणाचे वाईट चिंतीत नाही. समाजाने सुधारणेची जी कसोटी सांगितली होती ती तो उतरला आहे. मग त्याला घरात घेता की फाशी देता?

कायद्याचे उत्तर ठरलेलेच होते. काटेकोर वाचक येथे एक हरकत घेऊ शकेल आणि ती रास्त आहे: मॅग्विच परततो तो कथेच्या हिशेबाने १८२० नंतरच्या दशकात, आणि त्या वेळी कायद्यात देहान्त असला तरी केवळ परतल्याबद्दल प्रत्यक्ष फाशी जाण्याचे प्रसंग दुर्मीळ झाले होते. १८३४ मध्ये ती तरतूदही रद्द झाली. कादंबरीच्या पहिल्या वाचकांच्या दृष्टीने ती २७ वर्षांपूर्वीची गोष्ट होती. म्हणजे डिकन्स एका मेलेल्या कायद्याशी लढत होता काय? मला तसे वाटत नाही. कायदा गेला होता, पण परत येणाऱ्याबद्दलची किळस गेलेली नव्हती; तिला बोलके करण्यासाठी त्याने जुन्या कायद्याचे शब्द उसने घेतले. शिवाय त्याच वर्षी हिंदुस्थानच्या संहितेत परतीचा गुन्हा नव्याने लिहिला जात होता, हे आपण पाहिलेच. त्या संहितेचा पहिला मसुदा १८३७ मध्ये मेकॉलेच्या आयोगाने तयार केला तेव्हा काळ्या पाण्याच्या शिक्षेचे समर्थन करताना त्यांनी मुख्य भर दिला होता तो प्रत्यक्ष यातनेवर नव्हे, तर समुद्रापार नाहीसे होण्याच्या दहशतीवर. माणूस जातो आणि त्याचे काय झाले हे कोणाला कळत नाही, यातच शिक्षेचा गुण. परत येऊन तोंड दाखविणारा माणूस तो गुणच नाहीसा करतो.

खटल्याचा प्रसंग डिकन्सने थोडक्यात लिहिला आहे आणि तो त्याच्या उत्तम पानांपैकी आहे. बोटीतून परदेशी निसटण्याचा बेत, काँपिसन या जुन्या वैऱ्याच्या चहाडीने, थेम्सच्या पाण्यातच बुडालेला आहे. या काँपिसनची आणि मॅग्विचची एकाच गुन्ह्यात पूर्वी चौकशी झाली तेव्हा सभ्य चेहऱ्याच्या काँपिसनला सात वर्षे आणि मॅग्विचला चौदा वर्षे मिळाली होती. न्यायाच्या तराजूत कपड्यांचे वजन किती असते हे तेव्हाच सांगून झाले आहे. बोटीत काँपिसन बुडतो, मॅग्विच छातीवर आघात होऊन पकडला जातो. आणि त्या क्षणी, बेड्या घातलेल्या जखमी माणसाशेजारी बोटीत बसताना, पिपची सारी किळस वितळून गेलेली असते. न्यायालयात तो पिंजऱ्यापाशी त्याचा हात धरून बसतो. त्या सत्रात बत्तीस स्त्री-पुरुषांना एकदमच देहान्त शिक्षा सुनावली जाते. खिडकीच्या तावदानावर पावसाचे थेंब आहेत, त्यांतून एप्रिलचे ऊन आत येते आणि एकच तिरीप न्यायाधीश आणि ते बत्तीसजण यांच्यामधून पसरते. दोन्ही बाजूंना शेवटी एकाच मोठ्या न्यायासनापुढे जायचे आहे, एवढे सुचवून डिकन्स थांबतो.

नंतर पिप जे करतो ते आपणा कचेरीतल्या माणसांना विशेष जवळचे वाटेल. तो अर्ज लिहितो. गृहमंत्र्यांना एक, अधिकारस्थानावरील दयाळू वाटणाऱ्या इतरांना काही, आणि प्रत्यक्ष राजालाही एक. हा माणूस माझ्यासाठी परत आला होता, एवढेच त्यांत सांगणे. रात्र रात्र तो त्या कचेऱ्यांच्या बाहेरून भटकतो. जेथे अर्ज पडले आहेत त्या भिंतींच्या जवळ असले की आशा थोडी जास्त वाटते. या एका वाक्याच्या तपशिलासाठी मी डिकन्सला बरेच काही माफ करतो. टेबलाच्या या बाजूला बसून आपण असे किती अर्ज हाताळले असतील! अर्जाला उत्तर येत नाही. त्यापूर्वी मॅग्विच तुरुंगाच्या रुग्णालयात मरतो. त्याची हरवलेली मुलगी जिवंत आहे आणि आपले तिच्यावर प्रेम आहे, हे पिप त्याच्या कानांत सांगतो. त्याची सारी मालमत्ता सरकारजमा होणार, हे मात्र तो त्याला कळू देत नाही. (गुन्हेगाराची मिळकत जप्त करण्याचा तो कायदा १८७० मध्ये, डिकन्स ज्या वर्षी वारला त्याच वर्षी, रद्द झाला.) पिपसाठी साठविलेले एकूण एक नाणे गेले. पैशाने बांधलेले नाते पैसा गेल्यावर खरे झाले.

मृत्युशय्येजवळ पिपला देवळात प्रार्थनेला गेलेल्या दोन माणसांचा बायबलातील दाखला आठवतो. मूळ कथेत जकातदार देवाकडे स्वतःसाठी, 'मज पाप्यासाठी', दया मागतो. पिप प्रार्थना करतो ती मात्र 'या पाप्यासाठी'. सर्वनाम बदलले आहे, आणि टीकाकारांनी त्यावर बरेच लिहिले आहे: ही पिपची चूक, की उरलेला अहंकार, की डिकन्सची अनवधानता? माझे मत असे की पिप अजून वाटेत आहे. दुसऱ्याला क्षमा मिळावी येथपर्यंत तो आला. आपल्यालाही ती हवी आहे, हे कळायला त्याला आणखी थोडे दिवस लागणार आहेत.

ते कळते जोमुळे. या जो गार्गरीला टीकाकार भोळा, भला म्हणून बाजूला ठेवतात. पण कादंबरीच्या पाचव्याच प्रकरणात, शिपायांनी पकडलेला कैदी मुलाला वाचविण्यासाठी सांगतो की लोहाराच्या घरचे खाणे मीच चोरले, तेव्हा जो काय म्हणतो ते पाहावे. ते आपले असते तर तुला मोकळ्या मनाने दिले असते. तू काय केले आहेस ते आम्हांला ठाऊक नाही, पण म्हणून तू उपाशी मरावेस असे आम्हांला वाटणार नाही. अशा अर्थाचे तो बोलतो. गुन्हा विचारीत नाही, सुधारणेची अट घालीत नाही. मॅक्वारीच्या मेजावरून जो वाद पेटला तो या खेडवळ लोहाराने एका वाक्यात मिटविला होता. पिपला तेवढे अंतर तोडायला पन्नासांवर प्रकरणे लागतात. मॅग्विच गेल्यानंतर पिप तापाने फणफणतो, कर्जासाठी पकडण्याची वेळ येते. तेव्हा हाच जो येऊन त्याची शुश्रूषा करतो, कर्ज फेडतो आणि आभार मानायची संधी न देता पहाटे निघून जातो. या कादंबरीत पैशाने झालेली निर्मळ सोडवणूक असेल तर ती ही.

मिस हॅविशॅमच्या पश्चात्तापाविषयी बरेच लिहिता येईल. पण तिची आग आणि तिची क्षमायाचना यांत नाटक जास्त आहे असे मला नेहमी वाटत आले, म्हणून ते येथे सोडतो.

एक गोष्ट मात्र सोडता येत नाही, आणि हिंदुस्थानी वाचकाने ती सोडूही नये. ज्या अँजेला बर्डेट-कूट्स यांच्याबरोबर डिकन्सने पतितांना जवळ केले, त्यांनाच ४ ऑक्टोबर १८५७ रोजी त्याने एक पत्र लिहिले. आपल्याकडच्या उठावाच्या बातम्या तेव्हा विलायतेत पोचत होत्या. त्याचा मुलगा वॉल्टर नुकताच लष्करी नोकरीवर इकडे आला होता. आपण हिंदुस्थानचे सरसेनापती असतो तर या अत्याचारांचा कलंक ज्या वंशावर आहे तो वंश पृथ्वीवरून पुसून टाकण्याची पराकाष्ठा केली असती, असे त्या पत्रात आहे. त्या पत्रानंतर अवघ्या पाच महिन्यांनी, मार्च १८५८ मध्ये, उठावातले कैदी अंदमानला उतरू लागले. तीन वर्षांनी डिकन्सने मॅग्विच लिहिला. एकाच लेखणीतून ही दोन्ही उतरली. एकाने दुसरे खोडता येत नाही. मॅग्विचची मेंढरे ज्या कुरणांवर चरली त्या भूमीला आधीचे धनी होते, याचीही कादंबरीला जाणीव नाही. तिची करुणा परतीच्या जहाजापर्यंत पोचते, जहाज जेथून सुटले त्या किनाऱ्यापर्यंत पोचत नाही.

आणि तरी, त्या करुणेने तिच्या लेखकालाही पुढे चिमटा घेतला असावा. १८६८ मध्ये, शेवटचे कैदी-जहाज जेथे लागले त्याच खंडाकडे, डिकन्सने आपला धाकटा मुलगा एडवर्ड याला वयाच्या सोळाव्या वर्षी पाठविले. त्याला निरोप देताना बाप फार रडला. आल्फ्रेड हा दुसरा मुलगा आधीच तिकडे होता. दोघांपैकी कोणीही बापाच्या हयातीत परत आले नाही.

पिपचे पुढे काय झाले? हर्बर्ट पॉकेट या मित्राच्या पेढीत त्याला कारकुनाची जागा मिळते. त्या पेढीत हर्बर्टला भागी मिळवून देण्यासाठी, आपले दिवस चांगले होते तेव्हा, त्याने गुपचूप पैसे भरलेले होते. मॅग्विचच्या कमाईतले तेवढेच काय ते बी रुजले. पेढीची शाखा कैरोला. तेथे तो अकरा वर्षे राहतो, काटकसरीने जगतो, देणी फेडतो, घरी नियमाने पत्रे लिहितो. शेवटी एस्टेलाशी त्याची भेट होते ती सुखाची की वियोगाची, यावर बराच खल झाला आहे. डिकन्सने प्रथम लिहिलेला उदास शेवट लिटन या मित्राच्या सल्ल्याने बदलला हेही प्रसिद्ध आहे. मला त्या दोन्ही शेवटांपेक्षा त्यांच्या आधीचे पान आवडते. डिसेंबरातली संध्याकाळ, काळोख पडून तास-दोन तास झालेले. पिप जुन्या घराच्या मागच्या दाराशी येतो, कडीवर इतक्या हलक्या हाताने बोट ठेवतो की आत चाहूल लागत नाही. चुलीजवळ, आपल्या नेहमीच्या जागी, केस थोडे पिकलेला जो चिलीम ओढीत बसला आहे. आणि त्याच्या पायाशी, पिपच्या लहानपणच्या स्टुलावर, विस्तवाकडे पाहत एक छोटा मुलगा बसलेला आहे. त्याचे नाव त्यांनी पिप ठेवले आहे.